घराचा खालचा मजला

उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग सुरत सोडताच दोन-तीन लहान स्थानके घेतो. त्यांतले एक चलथाण. सहकारी साखर कारखान्यामुळे आणि जवळच्या कडोदऱ्याच्या चौफुलीमुळे हे नाव अलीकडे पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहे. ऊसतोडीच्या हंगामात डांगातून व खानदेशातून येणाऱ्या मजुरांच्या बोलीमुळे तेथील रस्त्यावर मराठी वळणाचे शब्द सहज कानी पडतात. परंतु मी येथे कारखान्याविषयी लिहिणार नाही. तेथे आमच्या मावशींचे एक जुने घर आहे. ते दुरुस्तीस काढावयाचे ठरले, आणि खालच्या मजल्याची मांडणी कशी असावी ह्यावरून घरात जो वाद उभा राहिला, त्याने मला ह्या विषयाकडे वळविले.

वाद तसा साधा होता. मावशींचे वय चौऱ्याऐंशी. जिना चढणे त्यांना अशक्य, म्हणून त्यांची निजण्याची खोली आणि शौचकूप खालीच हवे. सूनबाईंचे म्हणणे, चाळीस वर्षे मी अंधारात स्वैपाक केला, आता चूल उजेडात आणा. नातवाने शहरातून एक आराखडा करवून आणला होता. त्यात मधल्या भिंती आणि दोन खांब काढून पुढून मागपर्यंत एकच दिवाणखाना दाखविला होता, आणि चौकावर स्लॅब घातला होता. कडियाने तो कागद पाहिला, वर तुळईकडे पाहिले आणि विचारले, "हे दोन खांब काढले तर वरची खोली कोण धरणार?" त्या दिवशी काम थांबले ते पुढे तीन आठवडे थांबले.

ज्या भागात हे घर आहे तो पलसाणा तालुका म्हणजे पूर्वीचा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला पलसाणा महाल. गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगड हेही ह्याच प्रांतात. त्यामुळे अठराव्या शतकापासून कारकून, वहिवाटदार, शिलेदार, पुरोहित अशी मराठी मंडळी तापीच्या दक्षिणेस ठिकठिकाणी वसली. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. घरे मात्र जेथल्या तेथे राहिली. ह्या मंडळींनी घरे बांधली ती त्या भूमीच्या रीतीने. सोनगड-व्यारा व डांगच्या रानांतले सागवान, दोन्ही बाजूंस शेजाऱ्याच्या भिंती, अंगाने अरुंद आणि मागे खोलवर गेलेली. पुढे ओटलो, मग परसाळ, मग चौक, त्यापलीकडे ओरडो आणि शेवटी वाडो. मराठी माणसाने त्यांस ओटा, ओसरी, माजघर, परसू अशी आपली नावे दिली. एका शब्दापाशी मात्र तो हमखास फसे. गुजरातीत वाडो म्हणजे घरामागची मोकळी जागा, आणि आपल्याकडे वाडा म्हणजे सबंध थोरले घर. गोव्याच्या वाचकांस ही साखळी ओळखीची वाटेल. तेथील हिंदू घरात वसरी आणि तुळशीवृंदावन असलेले राजांगण आहे. ख्रिस्ती घरास समोर बसण्याच्या बाकांसह बाल्कांव आणि आत पाहुण्यांची साल आहे. नावे निराळी, परंतु एक गोष्ट सर्वत्र सारखी. खालचा मजला हा पायऱ्यांचा क्रम असे. कोणी ओट्यापर्यंत यावे, कोणी ओसरीत बसावे, कोणी चौक ओलांडावा आणि कोणी माजघराच्या उंबऱ्यातही पाऊल टाकू नये, हे तेथे लाकडात आणि दगडात कायम करून ठेवलेले असे.

म्हणून मला असे वाटते की, जुन्या घराच्या दुरुस्तीत वरच्या मजल्याचे दुखणे बहुधा छपराचे असते आणि खालच्या मजल्याचे दुखणे माणसांचे असते. वर कौले बदलली, वासे बदलले की भागते. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. नळीची कौले जाऊन ती आली तरी वरच्या खोल्यांची रचना काही बदलली नाही. खाली मात्र प्रत्येक पिढीने काही ना काही फिरविले आहे.

हे फिरविणे शक्य झाले ते आपल्या जुन्या बांधणीच्या एका गुणामुळे. वाड्याचे माप खोलीत नसे, खणात असे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, सामान्यतः पाच-सहा फुटांचा. घर किती मोठे, असे विचारले तर इतक्या खणांचे असे उत्तर येई. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर. हा सांगाडा भार वाहतो. खांबांच्या मधली विटामातीची किंवा कुडाची भिंत बहुतेक ठिकाणी केवळ आडोसा असते. ती काढली, पुढे सरकविली, तिला दार पाडले, तरी घर उभे राहते. याउलट वरच्या मजल्याचा खांब बहुधा खालच्या खांबाच्या डोक्यावरच उभा असतो. खालचा काढला की वरचा अधांतरी. कडियाने एका प्रश्नात जे सांगितले ते हेच. बाहेरच्या जाड भिंतींची गोष्ट निराळी. त्यांवर तुळयांची टोके टेकलेली असतात आणि कित्येकदा त्या शेजाऱ्याच्याही असतात. लोखंडी तुळया आल्यावर खांब काढणे अशक्य राहिले नाही हे खरे. परंतु ती तुळई दोन्ही टोकांना ज्या भिंतीवर टेकवावयाची ती मातीची असेल, तर सगळा भार दोन ठिकाणी गोळा होऊन भिंत फुगते. खांबाखाली नवा पाया घेणे, आधाराच्या थुण्या लावून वरचा भार हळूहळू उतरविणे, हा खर्च बहुतेक आराखड्यांत दाखविलेलाच नसतो.

ह्या खणांच्या मोकळेपणाने पुण्यातल्या मोठ्या वाड्यांचे काय काय केले हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विश्रामबागवाडा बांधला. सागाच्या कोरीव खांबांचा तो दर्शनी भाग अद्याप प्रसिद्ध आहे. पेशवाई गेली आणि १८२१ मध्ये तेथेच इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा सुरू केली. विलासासाठी योजलेल्या दालनांत विद्यार्थी व्याकरण घोकू लागले. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आगीत गेला, त्याच वेळी विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. पुढे दुरुस्त झालेल्या वाड्यात शाळा भरल्या, नगरपालिकेची कचेरी आली, पुढच्या अंगास टपालकचेरी बसली. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये उघडले तेही शनिवार पेठेतल्या गद्रेवाड्यात. आणि १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांनी नारायण पेठेतला गायकवाडवाडा सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला, तेव्हा सरदारी थाटाच्या त्या वास्तूत छापखाना आणि वृत्तपत्राची कचेरी आली, आणि चौकात गणेशोत्सवाची व्याख्याने होऊ लागली. ज्या आवारात बोलावल्यावाचून कोणी यावयाचे नाही, तेथे गावातला कोणीही श्रोता येऊन बसू लागला. खांबांना कोणी हात लावला नाही. बदलले ते येणाऱ्याचे अधिकार. मला वाटते, खालच्या मजल्याची ह्याहून मोठी फेरमांडणी आपल्याकडे फारशी झाली नसेल.

सामान्यांच्या घरात हे इतके सोपे नव्हते, कारण तेथे मागच्या बाजूचा प्रश्न होता. सूनबाईंच्या तक्रारीकडे आता यावे. स्वैपाकघर शेवटास आणि अंधारात का? घरधनी निर्दय होता म्हणून नव्हे, निदान एवढ्याचसाठी नव्हे. आड किंवा विहीर परसात, सांडपाणी परसात, सरपण परसात, गोठा परसात. म्हणून चूलही त्या अंगाला. ओसरीतल्या पुरुषांची नजर पडू नये आणि सोवळ्याला बाट लागू नये, म्हणून मध्ये माजघर. दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती असल्यामुळे माजघराला खिडकी नाही. तेथेच धान्याच्या कोठ्या, तेथेच बाळंतिणीची खोली, धुराने काळ्या पडलेल्या तुळया. घरातली सगळ्यांत वर्दळीची जागा ती सगळ्यांत काळोखी जागा, हे विचित्र खरेच. पण तिच्यात वावरणाऱ्यांचे मत घर बांधताना विचारले गेले नव्हते. रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील त्यांच्या लक्षात असेल, की न्यायमूर्तींच्या घरातही शिकणाऱ्या सुनेस घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा जाच सोसावा लागला. सुधारणा घरात शिरली तरी स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी ती बराच काळ थबकून उभी राहिली.

ह्या मांडणीला पहिला धक्का विचाराने दिला नाही, पाण्याने दिला. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी उच्छ्वास बांधून शहरात आणले. ते हौदांत पडे, काही थोरांच्या वाड्यांतही जाई, पण सामान्य घराची बाई हंडा-कळशी घेऊन हौदावरच जाई. भडोच, अहमदाबाद ह्या बाजूस घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याची टाकी असत. चौक उघडा ठेवण्यास तेथे हे एक भक्कम कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे पाणी नळाने पुण्यास आले. बडोद्यास सयाजीरावांनी आजव्याचा तलाव बांधून शहराला नळ दिले. नळ आला आणि चुलीला आडाजवळ राहण्याची गरज उरली नाही. मोरी कोठेही करता येऊ लागली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली. तरीही स्वैपाकघर पुष्कळ घरांत पुढली पन्नास वर्षे होते तेथेच राहिले. कारण गेले तरी सवय उरते.

दुसरा प्रश्न अधिक अप्रिय आहे, आणि जुन्या वाड्यांचे गुणगान करणारे लेख तो बहुधा टाळतात. मावशींच्या घराच्या परसाला मागे एक लहानसे दार आहे. ते एका चिंचोळ्या बोळात उघडते. हे दार घरच्यांसाठी नव्हते. टोपलीचा संडास परसाच्या टोकाला, आणि तो साफ करणाऱ्या माणसाने घरात न येता, कोणाच्या समोर न येता मागच्या मागे यावे नि जावे, एवढ्याचसाठी ते होते. आपल्या जुन्या शहरांतून असे बोळ किती आहेत ते पाहावे. ओट्यापासून सुरू झालेला पायऱ्यांचा क्रम ह्या दारापाशी संपतो. समोरून ज्याला ओट्यावरही स्थान नव्हते त्याला मागून मैला नेण्यापुरते होते. घराच्या नकाशात जात अशी काढलेली होती. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हे काम केले, कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून खताचे सुधारलेले संडास प्रचारात आणण्यासाठी आयुष्य वेचले, कारण त्यांनी ओळखले होते की उपदेशाने हे दार बंद होणार नाही, संडासाची रचनाच बदलली पाहिजे. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. कोरड्या संडासांवर बंदी घालणारा देशाचा कायदा व्हावयास मात्र १९९३ साल उजाडले, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

ज्या संस्थानात पलसाणा होता त्याच बडोद्यात १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर नोकरीसाठी आले, महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून. शहरात त्यांना कोणी घर देईना. एका पारशी पथिकाश्रमात ते नाव लपवून राहिले. खाली देखरेख करणारा वृद्ध पारशी सहकुटुंब राहत असे, वरची जागा ह्या एकट्या भाडेकऱ्याची. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि त्यांना तेथून निघावे लागले. कायद्याने शाळा उघडणाऱ्या, दलितांस शिक्षण देणाऱ्या राजाच्या राजधानीत घरांचे दरवाजे असे होते. जुन्या घराचे सौंदर्य वर्णन करताना हे विसरून चालत नाही.

नंतरच्या फेरबदलांत कायद्याचा हात पुष्कळ आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने शहरांतली भाडी जेथल्या तेथे गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला करावीशी वाटेना. मात्र रस्त्याकडेच्या ओसरीत दुकान घालून तेवढे चार पैसे मिळत, म्हणून देवडी, सोपा, पडवी सगळे फळ्यांच्या दारांआड गेले. गोव्यात कारण निराळे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे मुलामुलींचे वारसाहक्क समान, हे न्याय्यच. पण एका राजांगणाभोवतीच्या घराचे चार वाटे झाले की सालीच्या मध्यावर भिंत उभी राहते आणि ज्या खिडकीला शिंपल्यांची तावदाने होती ती एका भावाच्या न्हाणीत जाते. अशा भिंती पाहून हळहळ वाटते. तथापि ज्या बहिणीला त्या भिंतीमुळे हक्काचे छप्पर मिळाले तिला ती कशी दिसते, हेही विचारावयास हवे.

पुराचा उल्लेख केल्यावाचून खालच्या मजल्याची कथा पुरी होत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. वाड्यांच्या भिंती वरून विटांच्या दिसत, पण आत माती. भिजलेली माती सांगाड्याखालून निघून गेली आणि कित्येक वाडे बसले. जेथे सांगाडा टिकला तेथे वरचा मजला शाबूत आणि खाली नुसते खांब, असेही घडते. सुरतेने तापीचे पूर अनेकदा पाहिले. १९६८ चा आणि उकाई धरण झाल्यानंतरही आलेला २००६ चा हे दोन वृद्ध मंडळींच्या बोलण्यात वारंवार येतात. पुरानंतरची दुरुस्ती बहुधा सिमेंटने होते आणि तेथेच नवी चूक घडते. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला बाहेरून आतून सिमेंटचा गिलावा दिला की भिंतीतला ओलावा बाहेर पडू शकत नाही. तो आत मुरतो, वर चढतो आणि खांबाच्या बुडाशी साठून लाकूड कुजवितो. चुन्याचा गिलावा ओल सोडतो. चुनखडी भिजवून महिनाभर मुरविणारा कडिया आज मिळणे कठीण, हे मात्र मान्य केले पाहिजे.

चलथाणच्या घरातला वाद शेवटी कसा मिटला ते सांगतो, कारण त्यात पंडितांपेक्षा घरातल्यांचा शहाणपणा अधिक होता. खांब राहिले. माजघर आणि स्वैपाकघर ह्यांमधली भिंत निव्वळ आडोशाची निघाली, ती पाडली आणि चूल चौकाच्या अंगाला आणली. चौकावर स्लॅब घालण्याचा बेत सूनबाईंनीच मोडून काढला. उजेडासाठी भांडावयाचे आणि उजेडाचेच छिद्र बुजवावयाचे, हे त्यांना पटेना. पावसापुरते पारदर्शक पत्र्याचे सरकते झाकण करावयाचे ठरले. परसाळीच्या बाजूचे दोन खण आडवे घेऊन मावशींची खोली झाली. तिला लागूनच शौचकूप व न्हाणी, दाराची रुंदी पुढेमागे चाकाची खुर्ची जाईल इतकी. घराच्या पुढल्या अंगास शौचकूप ह्या कल्पनेने मावशी दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "असू दे बाबा, रात्री मला कोणाला हाक मारावी लागणार नाही."

मागचे दार विटांनी बुजविले. ते बुजविताना मी तेथे उभा होतो. कडियाने चौकट काढून बाजूला ठेवली. साग उत्तम होता, कोठेही कीड नव्हती. तिचे काय करावयाचे असे त्याने विचारले. नातू म्हणाला, मावशींच्या नव्या खोलीला बसवा, मापात येते. मावशींनी त्यास साफ नकार दिला. त्या दारातून ये-जा करणाऱ्या बाईचे नाव आपल्याला कधीच ठाऊक नव्हते, एवढेच त्या बोलल्या. ती चौकट अद्याप परसात भिंतीला टेकून उभी आहे.